भाऊंचा फोटो

आमच्या शाळेची वेबसाइट उघडली की आधी निवृत्तीभाऊ दिसतात. भाऊ म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. फेटा, हार आणि घरचं कार्य असल्यासारखं हसू. खाली सरकलं की भाऊ झाड लावताना, भाऊ खो-खोचं उद्घाटन करताना. आज शाळा आहे की नाही, हे मात्र कोपऱ्यातल्या तीन रेघा दाबून, 'परिपत्रके' शोधून, डाउनलोड केलं तरच कळायचं. वेबसाइट बनवली भाऊंच्या भाच्यानं. पालकांची बोलणी खायला मी, कॉम्प्युटरची रेणुकाबाई!

जुलैत लोणावळ्याला पावसानं झोडपलं आणि शाळेला सुट्टी दिली. वेबसाइटवर परिपत्रक चढवून ऑफिस मोकळं झालं. टाकव्याची कोमल, आठवीतली, जीप आणि लोकल करून आली. तेवढ्यात रुळांवर पाणी आलं, परतीची गाडी बंद. दुपारी मी बाजारातून येताना पाहिलं, तर पोर फाटकाला चिकटून एकटी कुडकुडत उभी. माझं डोकंच फिरलं.

रविवारी टाकव्याला गेले. तिची आई, अनिताताई, चहा देऊन म्हणाली, "बाई, आमी बगितलं व्हतं मोबाईलवर, पर कायबी घावलं न्हाई. पुन्यांदा आसं झालं तर साळा बंद, आसं कोमलचं बाबा म्हनत्यात."

मी तिच्याच हातात मोबाईल दिला. "उद्या शाळा आहे का, ते शोधा. मी मध्ये बोलणार नाही."

तिनं फोटो दाबला. भाऊ मोठे झाले. पुन्हा दाबला. भाऊ लहान झाले.

"ह्ये दाबलं की भाऊच मोठं व्हत्यात," ती वैतागली. "साळंचं कुटं हाय?"

शेजारच्या मुक्ताबाईंनीही पहिलं बोट भाऊंवरच ठेवलं. तीन रेघांकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

सोमवारी भाऊंना म्हटलं, वेबसाइटवरचा तुमचा फोटो काढून टाकूया.

"काढून टाकायचा? आवो म्याडम, लोकांचा इस्वास हाय या चेहऱ्यावर!"

"बरं. मग उद्या शाळा आहे का, ते तुम्हीच शोधून दाखवा."

भाऊंनी स्वतःचा फोटो दाबला. मोठा झाला. खूश होऊन बघत बसले. मग क्लार्कला फोन लावला, "आरं, उद्या साळा हाय का?"

मी कपाळावर हात मारून घेतला. पण तिथंच सुचलं. सगळ्यांचं बोट भाऊंवर जातं ना? मग भाऊंनाच बोलू दे!

"फोटो राहू दे, भाऊ. बाकीचे खाली नेते. वर फक्त तुम्ही, आणि तुमच्याखाली ठळक अक्षरांत लिहू, आज शाळा आहे की बंद."

"झ्याक! फेटा झाकू नका म्हंजे झालं."

ऑगस्टमध्ये पुन्हा तसाच पाऊस, पहाटेच सुट्टी. ऑफिसनं ओळ बदलली, मी स्वतः तपासली. तरी घरात चैन पडेना. छत्री घेऊन शाळेवर गेले. फाटकापाशी कुणी नव्हतं. तरी थांबले. तेवढ्यात अनिताताईंचा फोन.

"बाई, आज साळा न्हाई न्हवं? फेटेवालं भाऊ सांगत्यात. कोमल जीपीत बसली व्हती, खाली उतरवली तिला. भाऊंचं लय उपकार झालं, सांगा त्यांना."

दात-ओठ खात म्हटलं, "सांगते." आणि त्या रिकाम्या फाटकाकडं बघून मला रडूच फुटलं.