जनरेटर कुणासाठी

जनरेटर आला सोमवारी आणि तो ठेवायचा कुठं यावरची बाचाबाची चालली गुरुवारपर्यंत. सासऱ्यांचं म्हणणं, एवढं मोलाचं यंत्र पुढच्या अंगणातच हवं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायला नको का? सुनेचं म्हणणं, ते मागं हवं, अंडी उबवायच्या खोलीपाशी. आणलं होतंच मुळी अंड्यांसाठी. गेल्या खेपेला वीज दहा तास गेली आणि मशीनमधली तीनशे अंडी गार पडली. ती पाटीत भरून उकिरड्यावर ओतताना तिनं ठरवलं होतं, पुढची पिल्लं विकली की आधी जनरेटर. ठरवलं तसं केलंही. पण या घरात वस्तू आली की ती आणणाऱ्याची राहत नाही, खुर्चीत बसणाऱ्याची होते.

नवरा दुधाच्या गाडीवर, आठवड्यातून एकदा घरी. तो फोनवर म्हणाला, म्हाताऱ्याशी कशाला हुज्जत घालतेस, वायर ओढली की झालं. म्हणून जनरेटर पुढंच बसला.

मग वायरमनचा ताप. "निघालोच" म्हणायचा आणि दोन-दोन दिवस फिरकायचा नाही. तिनं नऊ फोन केले. शेवटी आला तो नेमका अंडी फिरवायच्या वेळेला. हे काम हातानं करायचं, दिवसातून तीनदा, आणि वेळ टळून चालत नाही. त्याला बसवून घ्या, मी आलेच, असं सासऱ्यांना सांगून ती मागं पळाली.

ती येईतो सासऱ्यांनी खुर्चीतून यादी सांगून टाकली होती. ओसरीचा दिवा, टीव्ही, त्यांच्या खोलीतला पंखा, स्वयंपाकघर, गोठा. वायरमन बोर्ड बंद करत होता. त्यानं दोरी ओढली, जनरेटर धडधडला, ओसरी उजळली. शेजारपाजारचे चार जण बघायला आले.

"घरातलं सगळं आलं ना?" तिनं विचारलं.

"एकूण एक," वायरमन म्हणाला.

तिनं मागं जाऊन बघितलं, तर मशीनही चालू होतं. चालणारच, वीज कुठं गेली होती तेव्हा? अंड्यांची खोली म्हणजे जुनी वैरणीची खोली, तिला तार थेट खांबावरून आलेली. वायरमननं घर जोडलं आणि त्या खोलीला कुणी घरात धरलंच नव्हतं. सहा वर्षं ती बाई तिथं राबते, घराला मीठमिरची तिथूनच येते, पण सासऱ्यांच्या लेखी तो सुनेचा उद्योग.

चौथ्या दिवशी दुपारी वारा सुटला. नांगरलेल्या रानातली माती उडून आभाळ पिवळं झालं, पत्रे खडखडले आणि वरच्या अंगाला तीन खांब आडवे झाले. अंड्यांचा तो एकोणिसावा दिवस. एक-दोन दिवसांत पिल्लं फुटायची. तिनं जनरेटर चालू केला, ओसरीत उजेड पडला आणि तिचा जीव भांड्यात पडला. पाच मिनिटांत गल्ली गोळा झाली. कुणी मोबाइल चार्जिंगला लावले, कुणी टीव्हीपुढं मांडी घातली. सासरे यजमानाच्या थाटात सगळ्यांना बसा म्हणत होते.

ती मागं गेली, तर खोलीत अंधार. मशीन गप्प. थर्मामीटरचा पारा दोन अंश उतरलेला.

तिला रडू आलं नाही, राग आला. सासऱ्यांचा, वायरमनचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. नऊ फोन करणाऱ्या बाईला या खोलीचा मेन स्विच एकदा पाडून बघायचं सुचलं नाही. वायरमनला फोन लावला, तर तो म्हणाला, उद्या निघालोच.

तिनं फवारणीच्या मोटरची लांब वायर काढली, ओसरीच्या बोर्डात खुपसून खिडकीतून मागं ओढत नेली आणि मशीन जोडलं. जनरेटर दोनदा ठसकला आणि बंद पडला. एवढा भार त्याला झेपेना. ओसरीत कालवा झाला. ती तशीच आत आली. टीव्हीची पिन काढली, पंख्याची काढली, सगळे मोबाइल काढून ज्याच्या त्याच्या हातात दिले, दिव्याचं बटण बंद केलं आणि जनरेटरची दोरी पुन्हा ओढली.

"घरात माणसं बसलीत," सासरे म्हणाले. "माणसांना अंधारात बसवून कोंबड्यांना उजेड?"

"हो," ती म्हणाली. "माणसांना अंगणात उजेड आहे. माझ्या पिल्लांना नाही."

लोक एकेक करत उठले. सासऱ्यांनी दोन दिवस तिच्याशी बोलणं टाकलं. तिला तेवढीच शांतता मिळाली. ती दर चार तासांनी डिझेल ओतत होती आणि मशीनच्या काचेला नाक लावून बसत होती. तीनशेतली दोनशे एकाहत्तर फुटली.

तिसऱ्या दिवशी खांब उभे राहिले आणि मग वायरमन उगवला. सवयीनं खुर्चीपाशी गेला, आता काय काय जोडायचं ते सांगा म्हणाला. सासऱ्यांनी घसा खाकरला. मागच्या खोलीतून पिल्लांचा नुसता कलकलाट चालला होता.

"तिला विचार," ते म्हणाले.

वायरमन मागं आला. तिनं सांगितलं, "ही खोली."

"आणि पुढं?" त्यानं विचारलं.

"ही जोडून हिचा मेन स्विच पाड. मला चालू दिसू दे. पुढचं मग बघू."