मागून येणारी फटफटी

लिफ्टवाली घरी आली, हे कोणाला सांगावं लागत नसे. तिची फटफटी गल्लीच्या तोंडाशी वळली की तळमजल्यावरचं तान्हं बाळ भोकाड पसरायचं, समोरच्या चष्मेवाल्याच्या कपाटातल्या काचा थरथरायच्या आणि वरच्या मजल्यावर तिचे सासरे हातातलं वर्तमानपत्र मांडीवर आपटून म्हणायचे, "आला! रणगाडा आला!"

लिफ्टवाली हे अर्थात तिचं नाव नव्हे. ती लिफ्ट दुरुस्त करायची, म्हणून सगळे तिला तसंच म्हणत. कुठे दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली, आतून कोणी दार बडवतंय, असा फोन आला की ही हत्यारांची पिशवी पाठीवर टाकून निघालीच. आतल्या माणसाला बोलण्यात गुंतवून ठेवायची तिची हातोटी अशी, की सुटका झाल्यावर लोक दारातच उभे राहून उरलेली गोष्ट पुरी करत. कामात ती रमलेली होती. सासरही सुखाचं होतं. नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा. सासूबाई शिवणकाम करायच्या आणि शिवता शिवता सगळ्या इमारतीची खबर ठेवायच्या. सासऱ्यांनी जन्मभर बस चालवलेली. निवृत्तीनंतरही जेवायच्या ताटापुढे बसताना ते आधी मागे वळून बघायचे, जणू कोणी ओव्हरटेक करतंय.

घरात खटका उडायचा तो एकाच गोष्टीवरून. तिच्या गाडीचा सायलेन्सर.

गाडी पहिल्यापासून अशी नव्हती. आदल्या वर्षी एका मोटारीने इशारा न देता मार्ग बदलला आणि लिफ्टवाली रस्त्यावर फेकली गेली. खांद्याचं हाड मोडलं, गाडीचा सायलेन्सर चेपून पापड झाला. मोटारवाला धावत आला. बिचारा पांढराफटक पडला होता. "अहो, तुम्ही मला दिसलाच नाहीत," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

हात गळ्यात बांधून ती घरी बसली, तेव्हा सासूबाईंनी तिची वेणी घातली आणि सासऱ्यांनी कुरकुर न करता तिच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. हाड जुळलं. ते वाक्य मात्र सलत राहिलं. गाडी दुरुस्तीला टाकताना तिने मुद्दाम मोकळ्या पाइपचा, छातीत धडधड उठवणारा सायलेन्सर बसवून घेतला. "दिसत नसेन तर नसेन," ती घरी म्हणाली, "ऐकू तरी येईन!"

त्यावर कोणाची बोलायची हिंमत झाली नाही. पण पुढे गावात आवाजाचा नवा नियम आला. पोलीस आवाज मोजायचं यंत्र घेऊन नाक्यानाक्यावर उभे राहणार, अशी बातमी छापून आली आणि सासऱ्यांच्या हाती कोलीत मिळालं. रोज सकाळी चहाबरोबर ते नियमाचं वाचन करू लागले.

"नियम करणारे मोटारीत काचा लावून बसतात, बाबा," ती म्हणायची. "त्यांच्याभोवती पत्रा आहे. माझ्याभोवती मीच."

"आणि खालच्या बाळाभोवती काय आहे?"

"बाळाला सवय होईल."

"मला अजून झाली नाही, बाळाला कुठून व्हायची!"

नवरा बिचारा मृदंगासारखा दोन्हीकडून वाजायचा. हळूहळू त्याने चहा स्वयंपाकघरातच उभ्याने प्यायला सुरुवात केली.

एका सकाळी मात्र बोलणं हातघाईवर आलं. सासरे म्हणाले, "अगं, मी इतकी वर्षं बस हाकली. मागून येणारी फटफटी मला कधी ऐकू आली नाही. कितीही बोंबलत येऊ दे."

ती फणकारली. "मग बसखाली किती आले?"

शब्द तोंडातून गेला आणि तिचं तिलाच कसंतरी झालं. सासूबाईंचं शिलाई मशीन थांबलं. सासऱ्यांनी कप खाली ठेवला.

"एकही नाही," ते शांतपणे म्हणाले. "पण त्यात माझा हात किती आणि त्यांचं नशीब किती, हे मला अजून कळलेलं नाही."

ती खाली मान घालून म्हणाली, "चुकलं माझं, बाबा."

"चुकलं-बिकलं राहू दे. रविवारी डेपोत चल. मी एक अक्षर बोलणार नाही. तू ड्रायव्हरच्या सीटवर बस आणि स्वतः ऐक."

"आणि गाडी कोण चालवणार?"

"मी! लग्नाआधी माझ्याकडे फटफटी होती, म्हटलं."

"ती तुमच्या मित्राची होती," मशीनमागून सासूबाई म्हणाल्या. "आणि मीही येणार. पडलात तर उचलायला कोणीतरी हवं."

रविवारी नवऱ्याने शहाणपणाने कपड्यांना इस्त्री करत घरीच थांबणं पसंत केलं. बाकी तिघं डेपोत पोचले. तिथला मुकादम एकेकाळी सासऱ्यांच्याच बसवर कंडक्टर होता. त्याने मैदानाच्या कडेला एक बस उभी करून ठेवली होती. "उस्ताद, काय हवं ते करा," तो म्हणाला, "फक्त भिंत जागेवर राहू द्या."

हवेत गारवा होता, म्हणून सासूबाईंनी सासऱ्यांच्या अंगात पिकल्या लिंबाच्या रंगाचा स्वेटर बळेच चढवला. तो त्यांनीच विणलेला होता आणि भडक आहे म्हणून सासऱ्यांनी तो एकदाही घराबाहेर घातला नव्हता. वर सुनेचं हेल्मेट. असा सगळा अवतार करून ते फटफटीवर बसले आणि गाडी उड्या मारत मैदानाच्या पार टोकाला गेली.

लिफ्टवाली बसच्या सीटवर चढली. काचा लावल्या, इंजिन सुरू केलं. ठरलं होतं ते सोपं होतं: सासरे मागून येतील, त्यांचा आवाज कानावर पडला की तिने हॉर्न वाजवायचा. सासूबाई पहिल्या बाकावर बसल्या, रस्त्याकडे डोळे लावून, जणू बस खरंच सुटणार आहे.

तिने कान टवकारले. इंजिन घरघरत होतं, कुठलीतरी काच खडखडत होती. बाकी काही नाही. सासऱ्यांना गिअर सापडला नसावा, असं तिला वाटलं. ती हसून सासूबाईंना काही सांगणार, एवढ्यात तिच्या कोपराशीच स्फोट झाल्यासारखा आवाज उठला आणि लिंबू रंगाचं काहीतरी खिडकीखालून पुढे निघून गेलं. तिने दचकून हॉर्न दाबला.

"आता वाजवून काय उपयोग?" सासूबाई म्हणाल्या. "ते तर घरी पोचले."

आणि खरा गडगडाट आला तो तेव्हा, फटफटी पुढे गेल्यावर. सगळा आवाज मागे सांडत होता. आपण रोज ज्यांना घाबरतो त्या पुढच्या गाड्यांना काही कळत नाही आणि आपण ज्यांच्या घरावरून पुढे गेलो त्यांचे कान फाटतात, हे तिच्या ध्यानात आलं.

"पुन्हा," तिने काच सरकवून हात बाहेर काढत खूण केली आणि काच परत लावली.

दुसऱ्या खेपेला तिची नजर आरशात गेली. आवाजाचा पत्ता नव्हता, पण मैदानाच्या टोकाला पिवळा ठिपका लख्ख दिसत होता. ठिपका मोठा होत आला, जवळ आला आणि नाहीसा झाला.

"अगं, गेले कुठे?" सासूबाईंनी विचारलं.

तिने काच उघडून डोकं बाहेर काढलं. सासरे बसच्या मागच्या चाकाशेजारून सावकाश येत होते आणि एक हात सोडून मिरवणुकीतल्यासारखा हलवत होते. तिने पुन्हा आरशात पाहिलं. तिथे नुसतं मैदान.

ती जागा तिची होती. रोज ती तिथेच चालायची, मोठ्या गाडीच्या कुशीत, आपला आवाज तिला सांभाळून घेतोय या भरवशावर. त्या मोटारवाल्याची पांढरीफटक मुद्रा तिला आठवली. तो खोटं बोलत नव्हता. एवढे दिवस मनातल्या मनात ती त्याच्याशी भांडत होती, ते भांडण तिथेच, त्या उंच सीटवर संपलं.

"आई," ती म्हणाली, "मला आज कळलं, बाबा का ओरडायचे माझ्यावर."

"कळलं ना? मग सांगू नकोस त्यांना लगेच. डोक्यावर बसतील."

तिसऱ्या फेरीची वाट बघत दोघी बसल्या. सासरे येईनात. बऱ्याच वेळाने मुकादम धापा टाकत आला. "उस्ताद फाटकातून बाहेर गेले! मी हाक मारली, तर हात हलवला आणि गेलेच!"

तिघं फाटकाकडे पळाले. फार लांब जावं लागलं नाही. पुढच्याच नाक्यावर पिवळा स्वेटर उभा होता आणि समोर एक वाहतूक पोलीस बाई, हातात आवाज मोजायचं यंत्र.

"बाई, तुमचा गैरसमज होतोय," सासरे कळवळून सांगत होते. "मी आवाजाच्या विरुद्ध आहे. पहिल्यापासून!"

"हो का?" पोलीस बाई म्हणाल्या. "काका, तुमचा विरोध मला डेपोच्या फाटकापासून ऐकू येतोय."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. लिफ्टवाली पुढे झाली. "गाडी माझी आहे, मॅडम. दंड मला करा."

"चालवत मी होतो," सासरे म्हणाले. "तिचा काही संबंध नाही."

"बाबा, पाइप मी बसवलाय."

"आणि आवाज कोणी काढला? मी!"

"भांडू नका," पोलीस बाई म्हणाल्या, "दोघांनाही पुरेल एवढं आहे माझ्याकडे." त्यांनी शांतपणे पावती फाडली, आठवड्याच्या आत साधा सायलेन्सर बसवून गाडी दाखवायला सांगितली. मग यंत्र खिशात टाकून त्या लिफ्टवालीला म्हणाल्या, "मीही दिवसभर फटफटीवरच असते. भीती मलाही वाटते. पण मी पुढच्याच्या आरशात त्याचा चेहरा शोधते. चेहरा दिसला नाही, तर मी त्याच्या लेखी नाहीच. मग मी मागे राहते."

परतताना सासरे गाडी हाताने ढकलत होते. मग हळूच म्हणाले, "पोरी, आवाज चढतो गं डोक्यात. फाटक दिसलं आणि मला वाटलं, सगळं गाव आपल्याला वाट करून देतंय."

"रोज वाटतं मला तसं," ती म्हणाली, आणि दोघंही भर रस्त्यात खो खो हसत सुटली.

सायलेन्सर बदलायला दोघं मिळून गेली. पहिल्या दिवशी लिफ्टवालीला रस्त्यावर उघडं पडल्यासारखं वाटलं. गाडी अगदी हळू आवाजात गुरगुरत होती, आणि आजवर न ऐकलेले आवाज कानावर येत होते: टायरची सरसर, शेजारच्या मोटारीतलं गाणं, कोणाचंतरी शिंकणं. बाजारपेठेतून एक टेम्पो तिच्या पुढे चालला होता. आरशात तिने ड्रायव्हरचा चेहरा शोधला. दिसलं ते फक्त त्याचं कोपर. ती मागे राहिली. पुढच्याच क्षणी टेम्पोने इशारा न देता कडेला घेतलं आणि तिची रोजची जागा भरून टाकली. पूर्वी ती कडाडून भांडली असती. या वेळी तिने हॉर्न हलकेच एकदा वाजवला, ड्रायव्हरने दचकून मागे पाहिलं, हात वर केला. तिनेही केला. मग ती आपल्या वाटेने गेली. एका दवाखान्याच्या लिफ्टमध्ये दोन म्हाताऱ्या बहिणी अडकल्या होत्या आणि आतून कोणाच्या चुकीने अडकलो यावर वाद घालत होत्या.

घरी आता ती आलेली कोणाला कळत नाही. ती दारात उभी राहिली की सासूबाई दचकतात आणि "अगं, खोकत तरी जा!" म्हणून रागावतात. सासऱ्यांनी नियमाचं वाचन बंद केलंय. त्यांना वेळच नाही. रविवारी सकाळी ते सुनेकडे किल्ली मागतात, ती आढेवेढे घेते, ते शपथा घेतात आणि मग मिळते. सासूबाई मागे बसतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण फटफटीवर नवऱ्याच्या मागे बसायचा योग त्यांना आत्ता आला. तळ्याला एक वळसा घालून दोघं परत येतात.

"कशी चालवतात बाबा गाडी?" लिफ्टवालीने एकदा विचारलं.

"बस चालवल्यासारखी," चपला काढत सासूबाई म्हणाल्या. "वाटेत दोनदा थांबले. म्हटलं, का थांबलात? तर म्हणे, थांबा होता."