वकीलसाहेबांची डॉज

मारोतराव गायकवाड वकील उस्मानाबादच्या कोर्टात उलटतपासणी घेता घेता मधेच थांबले. साक्षीदाराला वाटलं, पुढचा प्रश्न जुळवतायत. मग त्यांच्या हातातला कागद खाली पडला आणि पाठोपाठ तेही. लकवा. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यातून उदगीरला घरी आणलं तेव्हा तोंडात एकच शब्द उरला होता, न्हाई. पाणी देऊ का म्हटलं तरी न्हाई, उशी सरकवू का म्हटलं तरी न्हाई. हवं असलं तरी तेच आणि नको असलं तरी तेच. डॉक्टर म्हणाले, या दुखण्यात असं होतं, त्यांना कळतं सगळं, पण शब्द हाताशी येत नाहीत.

हे १९८२ सालचं. त्यांच्या बायकोनं, नीलाबाईंनी, शाळेतून रजा घेतली. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. नवऱ्याला अंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलायची, हे सगळं त्यांनी अंगावर घेतलं. त्या रडल्या मात्र नाहीत. भेटायला येणाऱ्या बायका रडायच्या, नीलाबाई त्यांना चहा करून द्यायच्या. नागपूरहून मुलगी आली, गळ्यात पडली, तर त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्यांच्या मनात आलं, नळ आलाय, हंडे भरायला पाहिजेत. आपल्याला काही वाटत का नाही, हे त्यांनाही कळत नव्हतं. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि गाल आपला राहत नाही, तसं सगळ्या अंगाचं झालं होतं.

दाराशी गाडी उभी होती. डॉज, काळी, पुढं क्रोमची रुंद जाळी आणि मागं सोफ्यासारखी बैठक. हैदराबादच्या एका जहागीरदाराच्या घरातून वकिलांनी ती सासष्ट साली घेतली होती. गावातल्या कुणी नाकं मुरडली, कुणी हसलं. आंबेडकर जयंतीला पोरं तिच्या टपावर निळे झेंडे लावायची. वकील म्हणायचे, "चालत गेलो तर मी वकील, हिच्यातून उतरलो तर वकीलसाहेब." दर रविवारी ते स्वतः ती धुवायचे. बहात्तरच्या दुष्काळात पाणी नव्हतं तर ओल्या फडक्यानं पुसली, पण पुसली. सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, चालू असलं तर बाजूला उभ्या माणसाला आवाज येत नसे. ओळखीच्या कितीतरी जणांनी जुन्या गाड्यांना डिझेल इंजिनं बसवून घेतली. वकिलांना कुणी तसं सुचवलं की ते म्हणायचे, "वाघाला कडबा घालत न्हाईत."

नांदेडला एक डॉक्टर लकव्याच्या रोग्यांकडून व्यायाम करवून घेतात असं कळलं. महिन्यातून दोनदा न्यायचं ठरलं. एस.टी.त त्यांना चढवणं शक्य नव्हतं. मग नीलाबाईंचा धाकटा भाऊ पंढरी आला. पंचवीस वर्षं एस.टी. चालवून त्यानं नुकतीच नोकरी सोडली होती.

"अक्का, गाडी चालवायला मी हाय," तो म्हणाला. "पण ही लई पिती. अन् आता म्हातारी झाली."

पहिली खेप कशीबशी झाली. दुसऱ्या खेपेला मृग कोरडा गेला होता, आर्द्राही तशाच चालल्या होत्या. मुखेडच्या अलीकडं गाडीच्या तोंडातून वाफ निघायला लागली. पंढरीनं बाजूला घेऊन बॉनेट उघडलं. रेडिएटर रिकामा होता, आणि बरोबरचं पाणी त्यानं आधीच एकदा ओतलं होतं. वकील मागं बसून होते, बाहेर झाडाचं पानही हलत नव्हतं.

नीलाबाई डबा घेऊन शेजारच्या वस्तीवर गेल्या. आडाभोवती बायका बसल्या होत्या. आडात उतरलेलं एक माणूस वाटीनं पाणी गोळा करून बादलीत भरत होतं आणि वरच्या बायका आपल्या पाळीची वाट बघत होत्या. नीलाबाईंनी डबा पुढं केला.

"प्यायला का?" एका म्हातारीनं विचारलं.

"गाडीला."

म्हातारीनं रस्त्याकडं बघितलं. काळी गाडी उन्हात चमकत होती. "बाई, प्यायला असलं तर बस, तांब्याभर देते. गाडीला न्हाई देता येत."

"बरोबर हाय," नीलाबाई म्हणाल्या आणि रिकामा डबा घेऊन परत आल्या. येताना त्यांना वाटलं, आपल्याला लाज वाटायला पाहिजे होती. ती वाटली नाही. बाईचं म्हणणं बरोबर होतं, एवढंच वाटलं.

बहीणभावांनी वकिलांना उचलून बाभळीखाली आणलं आणि इंजिन निवेपर्यंत तिघं तिथंच बसले. शेवटी एका ट्रकवाल्यानं पाणी दिलं. नायगावच्या हॉटेलात चहा पिताना नीलाबाई भावाला म्हणाल्या, "डिझेलचं बसवायचं."

पंढरीनं बशी खाली ठेवली. "दाजींला चालंल?"

त्यांनी चहाचे पैसे काढून टेबलावर ठेवले.

नांदेडला गुलाबसिंग मिस्त्रीचं गॅरेज होतं. गुरुद्वाऱ्याच्या बाजूच्या गल्लीत राहणारा दख्खनी शीख माणूस, मराठी आपल्यासारखीच बोलायचा, मधून मधून हिंदी. सोळा वर्षं ही गाडी त्याच्याच हाताखाली होती. नीलाबाईंचं म्हणणं ऐकून तो बराच वेळ फडक्याला हात पुसत राहिला.

"भाभीजी, होऊन जाईल. एका भंगार टेम्पोचं चांगलं इंजिन पडलंय माझ्याकडं. पण साहेबांना विचारलं का?"

"विचारलं. न्हाई म्हणाले."

"मग?"

"जेवता का विचारलं तरी न्हाईच म्हणतात, मिस्त्री. अन् जेवतात."

गुलाबसिंगनं गाडीकडं बघितलं. मागच्या काचेतून वकील त्याच्याकडंच बघत होते. त्यानं दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "ठेवून जा."

जुलैभर ती तिघं नांदेडला राहिली. वकिलांच्या एका मित्रानं बुद्धविहाराजवळ खोली दिली होती. सकाळी व्यायाम, दुपारी वकील झोपले की नीलाबाई पंढरीला त्यांच्याजवळ ठेवून गॅरेजवर जायच्या. तिथं बसून काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. तरी जायच्या.

जुनं इंजिन साखळीनं वर उचललं त्या दिवशी त्या तिथंच होत्या. ते हवेत जरासं फिरलं आणि पोत्यांवर टेकलं. जिच्यासाठी नवरा रविवार रविवार बॉनेटमध्ये वाकलेला असायचा, ती वस्तू आपण कधी नीट बघितलीच नव्हती. त्यांनी हात लावून पाहिला. लोखंड कोमट होतं, उन्हानं तापलेलं. आणखी काही नाही.

नवं इंजिन जड होतं. पुढच्या स्प्रिंगा बदलाव्या लागल्या. पंखा रेडिएटरला घासत होता म्हणून रेडिएटर पुढं सरकवला. जुना गिअरबॉक्स ठेवायचा तर इंजिन आणि त्याच्या मधे जाड लोखंडी प्लेट कापून बसवणं आलं, आणि ती प्लेट दोनदा चुकली. मधल्या वेळात नीलाबाईंनी स्वतः एक काम सांगितलं. पुढची डावी बैठक मोडायची आणि तिथं फिरणारी खुर्ची बसवायची. म्हणजे दार उघडलं की खुर्ची बाहेरच्या बाजूला वळवता येईल आणि नवऱ्याला उचलावं लागणार नाही. टपाच्या आत, डाव्या हाताला धरायला, एक दांडी लावायची.

"जहागीरदाराची गाडी," गुलाबसिंग म्हणाला, "अन् आपण तिला न्हाव्याची खुर्ची लावून राहिलो."

बोलून झाल्यावर त्याला वाटलं, बाईला लागलं असेल. पण नीलाबाई म्हणाल्या, "न्हाव्याचीच बघा मिळाली तर. ती मजबूत असती."

आणि ती मिळाली.

पंधरा ऑगस्टला लातूर जिल्हा होणार होता. उदगीर आता लातुरात जाणार, कज्जे लातूरच्या कोर्टात चालणार. वर्षानुवर्षं पहाटे निघून उस्मानाबाद गाठणाऱ्या उदगीरच्या वकिलांसाठी ही मोठी गोष्ट होती. लातूरच्या वकिलांनी त्या दिवशी जुन्या मंडळींना चहाला बोलावलं होतं. मारोतरावांनाही निरोप आला. गाडी तयार झाली होती, म्हणून नीलाबाईंनी ठरवलं, नांदेडहून थेट लातूरलाच जायचं.

निघायच्या दिवशी वकिलांना न्हाव्याच्या खुर्चीत बसवून आत वळवलं. पंढरीनं किल्ली फिरवली. इंजिन धडधडलं, सगळी गाडी थरथरली, काचा वाजल्या. गॅरेजच्या दारातलं कुत्रं उठून गेलं.

वकिलांनी डाव्या हातानं दांडी धरली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तोंड वाकडं झालं. "न्हाई," ते म्हणाले. "न्हाई, न्हाई."

"दाजी खूश हायत," पंढरी म्हणाला.

गुलाबसिंग पाठ करून पाने-पकडी आवरत होता. नीलाबाईंनी पदरानं नवऱ्याचं तोंड पुसलं. तो राग होता की आनंद, हे त्या चेहऱ्यावर कुठं लिहिलेलं होतं? पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांनी हा चेहरा वाचायला शिकून घेतला होता, आणि आता त्याचं अर्धं अंग बोलेना झालं होतं. "चला," त्या म्हणाल्या.

लातूरला रस्त्यावर पताका होत्या. पाण्याच्या टँकरलाही कुणी हार घातला होता. कोर्टाच्या आवारात गाडी शिरली तसे वकील लोक भोवती गोळा झाले. उदगीरचेच विरूपाक्ष वकील होते. धान्याच्या अडतीवाल्यांचे खटले तेच चालवायचे, आणि मारोतरावांशी त्यांचं कोर्टात कधी पटलं नव्हतं. ते खिडकीशी वाकून म्हणाले, "मारोतराव, ट्रक घेऊन आलात की काय?"

कुणीतरी हसलं. मग सगळे गप्प झाले, कारण मारोतरावांनी डावा हात वर केला होता. कोर्टात हरकत घेताना ते असाच हात वर करायचे. "न्हाई," ते म्हणाले. आवाज अगदी जुना होता.

"हरकत मंजूर," विरूपाक्ष म्हणाले आणि त्यांनी तो हात दोन्ही हातांत धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नीलाबाई मागच्या बैठकीवर बसून हे बघत होत्या. लोक इतक्या सहज कसे रडतात, असं त्यांना वाटलं.

पुढचं वर्ष तसंच गेलं. गाडी महिन्यातून दोनदा नांदेडला जायची, धूर सोडायची, वाटेत पाणी मागायची नाही. वकिलांचा उजवा पाय थोडा सुधारला, काठीनं अंगणापर्यंत यायला लागले. पंढरीनं बॉनेट उघडलं की ते मान दुसरीकडं वळवायचे, हे नीलाबाईंच्या ध्यानात आलं. पण नांदेडला जायच्या दिवशी सगळ्यांच्या आधी तेच उठून बसायचे, हेही. दोन्हींचा मेळ लावायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. जुनं इंजिन गुलाबसिंगकडंच होतं. हैदराबादचा कुणी त्याचे भाग मागतोय असा त्याचा निरोप आला तेव्हा त्यांनी देऊन टाका म्हणून कळवलं.

मग पंढरीच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. "अक्का, पांढऱ्या बैलात अन् पांढऱ्या धोतरात मला फरक दिसंना," तो म्हणाला. दुसरा ड्रायव्हर बघू, असं त्याचं म्हणणं. नीलाबाई म्हणाल्या, मी शिकते. त्या तेव्हा बावन्न वर्षांच्या होत्या.

संध्याकाळी किल्ल्याकडच्या मोकळ्या मैदानात शिकवणी चालायची. पंढरी मागं बसून सांगायचा. वकील पुढं, खुर्चीत. नीलाबाईंचा पाय क्लचवरून लवकर सुटायचा, गाडी बैलासारखी उसळी मारून बंद पडायची. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून वकील पुढच्या पट्टीवर बोटं वाजवायला लागले. टक, म्हणजे सोड. टक टक, म्हणजे अजून नाही. ते काय सांगतायत हे नीलाबाईंना लगेच कळलं, आणि ते बरोबर सांगतायत हेही.

एका संध्याकाळी गाडी पाठोपाठ बंद पडत होती आणि ती बोटं थांबत नव्हती. टक टक. टक टक टक. त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढले.

"कळतंय मला," त्या ओरडल्या. "दीड वर्ष झालं, सगळं मीच करून राहिले. हेबी करते. गप बसा जरा."

वकिलांनी बोटं आवरली. नीलाबाईंची कानशिलं तापली होती. गेल्या वर्षी माघात वकील कोर्टात पडले तेव्हापासून त्यांना असलं काही झालं नव्हतं. किल्ल्याच्या भिंतीवरून ऊन उतरत होतं आणि खाली बकऱ्या घराकडं चालल्या होत्या.

थोड्या वेळानं त्यांनी किल्ली फिरवली. क्लच हळूहळू सोडला. गाडी कुरकुरली, एकदा हिसकली आणि मग चालायला लागली, मैदानाच्या कडेकडेनं. थांबवायची कशी ते त्या क्षणी त्यांना आठवेना, म्हणून त्यांनी आणखी एक चक्कर घेतली.