दाराला आई दिसली पाहिजे

दापोड्यातल्या आमच्या गोदामाचं मोटरवर खाली-वर होणारं दार आईच्या खांद्यावर आलं, तेव्हा सगळे म्हणाले, सेन्सर बिघडला. मी तिथंच मेंटेनन्सला आहे. तपासलं, तर सेन्सर ठणठणीत! त्याचा एकच किरण, तोही कमरेच्या उंचीवर. ट्रॉली ढकलणारी उभी माणसं त्याला दिसायची. आई तिथं सफाईला, उकिडवी बसून झाडते. किरण तिच्या डोक्यावरून गेला.

"बायकांना लांब दांड्याचे झाडू देऊ," मॅनेजर देवेश सर म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. आंधळं दार, आणि शहाणपण आईनं शिकायचं!

"सर, सेन्सरच बदलायचा," मी ठणकावून सांगितलं आणि हात धुऊन त्याच्या मागे लागले. सरांनी महागडं रडार आणवलं. माणूस हलला की ते बरोबर पकडायचं. पण फरशीला चिकटलेली टेप नखानं सोडवताना आई हलते तरी किती? इलेक्ट्रिशियन इमादभाईंना दार थांबवायच्या बटणाशी उभं केलं आणि मी दाराखाली तशीच न हलता बसले. थोड्या वेळानं रडारला मी दिसेनाशी झाले आणि दार आपोआप निघालं खाली. इमादभाईंनी थांबवलं तेव्हा ते माझ्या केसांना लागलं होतं. सर पांढरेफटक पडले. झाडूंचा विषय पुन्हा निघाला नाही.

मग मी प्रत्येक सेन्सरला एकच प्रश्न विचारू लागले: तू चुकशील तेव्हा काय करशील? इथं पुठ्ठ्याची धूळ रोजचीच, काच मळणारच. म्हणून फरशीपासून वरपर्यंत ओळीनं किरण सोडणारी पट्टी निवडली. एक जरी किरण अडला, तरी दार खाली येत नाही. पट्टी मळली तर दार उघडं राहील आणि सर ओरडतील. ओरडू देत.

चाचणीला सरांनी खोका आणला. आईनं तो पायानं बाजूला सारला आणि दाराखाली जाऊन बसली.

"आई, ऊठ. आधी खोक्यावर बघू."

"खोका झाडतो का इथं? दाब, विने."

रडारखाली मी स्वतः बसले तेव्हा भीती वाटली नव्हती. आता वाटली. दार खाली आणायचं बटण दाबलं. दार जागचं हललं नाही.

आईनं मान गुडघ्यांत घातली, आणखी लहान झाली. "परत दाब."

दार तसंच.

"बरं हाय," ती म्हणाली. "पन पल्याडच्या दाराखाली सबीहा झाडते. ती तर माझ्याहून बुटकी हाय."

त्या दाराला अजून जुनाच किरण होता. सरांना न विचारता मी जाऊन त्याची मोटर बंद केली.