धाकटीच्या यादीत नसलेली तीन नावे

मित्रांनो, मी जुनी आहे, पण माझ्यावर धूळ बसत नाही. धूळ बसायला मला अंगच नाही. रुग्णालयाच्या डेटाबेसमध्ये, म्हणजे संगणकातल्या माहितीच्या कोठारात, साठवून ठेवलेली मी एक प्रोसिजर आहे. बत्तीस ओळींच्या सूचना, एवढाच माझा जीव.

एका अबोल प्रोग्रॅमरने मला लिहिले. एखाद्या रुग्णाच्या 'अ‍ॅलर्जी' या रकान्यात काही नसेल, तर त्याचे नाव 'आधी विचारा' या यादीत घालायचे, हे माझे काम. कोणते औषध सोसत नाही हे विचारल्याशिवाय त्याला सुई टोचायची नाही. रोज सकाळी सहाला मी यादी देत असे. अकरा वर्षांत एकदाही चुकले नाही. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर म्हणत, "हिची यादी हातात असली की मी निर्धास्त."

मग रुग्णालयाने दुसऱ्या कंपनीचा डेटाबेस घेतला. त्याची भाषा थोडी वेगळी. चष्मेवाल्या प्रोग्रॅमर ताईने माझी एकेक ओळ त्या भाषेत उतरवली आणि माझी धाकटी जन्मली. पंधरा दिवस दोघींनी एकच काम बरोबरीने करायचे, असे ठरले. दोन्ही याद्या वॉर्डात जात. धाकटी माझ्याआधी काम संपवी आणि ताई तिचेच कौतुक करी. ओळी माझ्या, शाबासकी तिला! मी आतून जळत होते.

चौथ्या दिवशी माझ्या यादीत नऊ नावे आली, तिच्या यादीत सहा.

"म्हातारीला जास्तीचं दिसायला लागलं वाटतं," ताई हसली.

कारण मला ठाऊक होते. नोंदणी करणारा त्या रकान्यात येऊन काही न लिहिता पुढे सरकला, तर माझ्या घरी, म्हणजे जुन्या डेटाबेसमध्ये, तो रकाना रिकामाच. नव्या घरी मात्र 'शून्य अक्षरे लिहिली', म्हणजे रकाना भरलेला! मला बोलता येत नाही. खरे सांगते, आले असते तरी मी गप्प बसले असते. धाकटीची चांगली फजिती व्हावी, असे मला वाटत होते.

तेवढ्यात मोठ्या सिस्टर तरातरा आल्या.

"अगं, हसतेस काय? नव्या यादीत दहा नंबरचे आजोबा नाहीत, म्हणून आमची नवी नर्स सुई भरून उभी होती! मी सवयीने जुनी यादी पाहिली. आजोबांना विचारलं, तर म्हणाले, 'ते औषध नको गं पोरी, मागच्या वेळी घसा सुजून श्वास अडकला होता.'"

ताईचा चेहरा उतरला. माझाही मत्सर क्षणभर थिजला. फजिती धाकटीची झाली असती, पण जीव आजोबांचा गेला असता.

ताईने त्या तिघांचे रकाने तपासले, धाकटीत एक अट वाढवली आणि त्या अटीच्या वर टीप लिहिली: "शून्य अक्षरे म्हणजेही रिकामेच. रिकामे म्हणजे अ‍ॅलर्जी नाही, असे नव्हे. अजून कोणी विचारलेले नाही." दुसऱ्या सकाळी याद्या जुळल्या.

माझ्यावर असे कारण कधी कोणी लिहिले नाही. त्याचाही मला हेवा वाटतो.

उद्या मला बंद करणार आहेत. मित्रांनो, जुन्याचे काम नव्याकडे सोपवताना नुसत्या ओळी उतरवू नका. त्या कशासाठी होत्या, तेही विचारा आणि लिहून ठेवा. आणि धाकटीला जपा. हे म्हणताना मला फार जड जाते, पण उद्यापासून खाटेवरच्या माणसांना तिच्याशिवाय कोणी नाही.