गोल जात

झुरळाच्या मागच्या आतड्यात राहणारा तो जीव एकाच पेशीचा. अंगभर बारीक केस, आकार घेवड्याच्या दाण्यासारखा, एका कडेला तोंडाकडे जाणारी तिरपी खाच. नंदिनीने वर्ध्याच्या कॉलेजात दोन वर्षं त्याचीच मापं घेतली होती. तिच्या स्लाइडांवरचा मात्र गोल होता आणि त्याची खाच अर्धीच दिसायची. लक्ष्मणराव सरांनी ती नवी जात ठरवून टाकली होती. प्रबंध सोमवारी द्यायचा होता. सरांची सही तेवढी राहिली होती.

शनिवारी स्लाइडांसाठीच्या मिठाच्या पाण्याची बाटली तळाला गेली होती, म्हणून तिने ते पाणी स्वतःच बनवलं, एक झुरळ कापलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. सगळे घेवडे. एकही गोल नाही.

तिने प्रयोगशाळेतल्या शिपायाला हाक मारली. "नत्थूभाऊ, बाटलीत मीठ किती टाकता?"

"मीठ बंद केलं ना जी, दोन वर्स झाले. सुया गंजून राह्यल्या म्हनून तुमीच कुरकुरत होत्या. आता निस्तं डिस्टिल पानी भरतो. काई कटकट नाई."

एवढं सांगून तो कपबशा विसळायला लागला.

तिने बाटलीतला उरलेला थेंब काचेच्या कडेने आत सोडला आणि घड्याळ लावलं. जीव मंदावला. फुगला. खाच पसरट होत गेली. अकराव्या मिनिटाला तो हुबेहूब प्रबंधातल्या चौथ्या चित्रासारखा झाला, बाराव्याला फुटला.

चित्र घेऊन ती सरांच्या खोलीत गेली. सर पेन उघडून सहीलाच बसले होते.

"ही जात नाही, सर. हे मरतानाचे आकार आहेत."

तिने सगळं सांगितलं. नत्थूचं नाव तेवढं घेतलं नाही. सरांनी चित्र पुढ्यात घेतलं.

"वर्ध्याची झुरळं कापाले जगातून कोन येते, पोरी?"

"कोणीतरी येईल."

"तवा मी नसीन. मार्चमधी रिटायर होऊन राह्यलो. आज सही झाली तर तुझं झालं. नाई तर नवा गाइड शोध, पह्यल्यापासून नोंदणी कर. अन् तुले कोनी घेईन का, मले मालूम नाई."

नंदिनीने चित्र आपल्याकडे ओढलं आणि खाली पेन्सिलीने लिहिलं : साध्या पाण्यात, अकराव्या मिनिटाला.

सरांनी वाचलं. पेनाला टोपण लावलं.