देवी नव्हती, गोचीड होती

मित्रांनो, मी सारंगखेड्याच्या एका लोहाराने घडवलेला जुना खरारा आहे. घोड्याचे अंग घासायचे हे माझे काम. माझे लोखंडी दात निम्मे झिजले, पण १९३८ सालचा माझा संताप अजून झिजलेला नाही.

माझा मालक हिलाल घोडे विकायचा. दत्ताची यात्रा तोंडावर आली होती. गोचिडी लागलेल्या जनावराला गिऱ्हाईक हात लावत नाही, म्हणून तो लाल घोडीच्या कानातल्या गोचिडी उपटायचा आणि अंगठ्याच्या नखावर टचकन फोडायचा. रक्ताचे बोट धोतराला पुसले की झाले! मी शेजारीच पडलेलो, पण मला कोण विचारतो?

यात्रेआधीच हिलाल तापाने फणफणला. अंगावर लाल पुरळ उठले. त्याची आत्या नानीबाई बघताच ओरडली, "माय व, देवी उनी! आते घरमा कोनी फनी लावानी नई, दवाई द्यानी नई!"

देवीचा आजार आलेल्या घरात केस विंचरत नाहीत, हे मी जाणत होतो. पण नानीबाईने मलाही खुंटीला टांगले. घोडीचे केसही विंचरायचे नाहीत म्हणे! आठ दिवस मी लटकलो. समोर घोडीच्या मानेवर गोचिडी वाटाण्याएवढ्या फुगल्या आणि आत हिलाल बरळू लागला.

त्याचे अंग पुसताना बायकोला, जमनाबाईला, काखेत एक काळी खपली दिसली. पुरळ मनगटांवर आणि तळपायांवर दाट होते, पण देवीत येतो तसा पाणी भरलेला फोड एकही नव्हता.

"फुई, हाई देवी नई शे," ती नानीबाईला म्हणाली. "गोचीड चावनी का घोडीना कानवर आशीच खपली येस. देवी काय घोडीले बी उनी?"

"जीभ झडी तुन्ही!"

"झडू द्या. धनी तं वाची."

तिने शेजाऱ्याला शहाद्याला पिटाळले. डॉक्टर आले, खपली पाहून म्हणाले, "गोचिडीच्या पोटात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. ती चावली, किंवा तिचे रक्त बोटाच्या जखमेत गेले, की ते अंगात शिरतात. यावर हमखास औषध नाही. पाणी पाजत राहा. आणि आधी ती घोडी साफ करा!"

जमनाबाईने मला खाली काढले. घासलेटाची वाटी घेऊन ती गोठ्यात बसली. मी घासत होतो, गोचिडी वाटीत पडत होत्या. आजाराच्या पंधराव्या दिवशी हिलालचा ताप उतरला.

हिलाल उठून बसला, तसा नानीबाईने देवीपुढे नारळ फोडला. घोडीला गूळ मिळाला. माझ्या दातांत अडकलेले केसही कोणी काढले नाहीत.

असो. मित्रांनो, मला नारळ नको. अंगावर गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरा आणि सरळ ओढा. नखावर फोडू नका. हात साबणाने धुवा. ताप आला तर गोचीड चावल्याचे डॉक्टरांना आधी सांगा. आणि घरात काहीही होवो, जनावराचा खरारा थांबवू नका. एवढी साधी गोष्ट सांगायला लोखंडाला तोंड उघडावे लागते, याचीच मला लाज वाटते.